गडावर हत्ती चढला होता

फोटो सुंदर आलाय. फ्रेमही भारीतली दिसते. आता जरा मोज बघू.

तेवीस. मी धरून चोवीस. ह्यूस्टनचा एक आणि दुबईची एक यायला जमलं नाही, तर त्यांचे चेहरे कोपऱ्यात गोल कापून चिकटवलेस. जो आता नाही, त्याच्यासाठी खाली एक ओळ लिहिलीस. कुणाला म्हणून विसरला नाहीस. मग खिडकीजवळच्या पहिल्या बाकावरची कुठाय? ती काही ह्यूस्टनला नाही. पुण्यातच आहे, बँकेत अधिकारी आहे. तुझ्या घरापासून रिक्षाचे किती होतात तिच्याकडे?

विसरलो म्हणाला असतास तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण रायगडावर नगारखान्यापाशी मी विचारलं, तेव्हा तू काय म्हणालास? “बाई, तिला त्रास नको म्हणून मुद्दाम नाही कळवलं.” मुद्दाम! वर चेहऱ्यावर असा भाव, की जणू तिच्यावर उपकारच केलेस. तिथे गप्प बसले, कारण सगळ्यांसमोर कान धरायचं माझं वय राहिलं नाही आणि तुझंही. आज दोघंच आहोत. चहा घे आणि ऐक.

त्रास कुणाचा? तिचा की तुझा?

तिला विचारलंस? एक फोन? तीन महिने ग्रुपवर नाश्त्याला पोहे की उपमा यावर मतदान चाललं होतं तुमचं. तेवढ्यात एकदाही तिला विचारावंसं वाटलं नाही, की बाई गं, रायगडला जायचंय, तुला काय काय लागेल? नाही. तिच्या वतीनं तूच ‘नाही’ म्हणून मोकळा झालास. दुसऱ्याच्या नावावर आपण सही करणं, याला काय म्हणतात रे? तिलाच विचार, बँकेत आहे ती, बरोबर शब्द सांगेल.

आणि आता माझं ऐक. माझा गुडघा बदललाय हे तुला ठाऊक होतं. मी ‘येत नाही’ म्हटलं तर किती गयावया केलीस! रोपवेची वेळ आधी ठरवलीस. वरच्या स्टेशनवर चार पोरं खुर्चीला बांबू बांधून उभी. पायऱ्या आल्या की उचलायचं, सपाटी आली की मी काठी टेकत चालायचं. पाण्याची बाटली, छत्री, बसायला गादी. मला काय भारी वाटलं म्हणून सांगू! आणि तासाभरानं कळलं, की जिच्यासाठी हे सगळं खरं तर करायला हवं होतं तिला साधं आमंत्रणही नव्हतं. मग ती गादी टोचायला लागली मला. बाईंसाठी चार माणसं मिळतात. वर्गमैत्रिणीसाठी एक फोन होत नाही. गुरुदक्षिणा म्हणून करायचं ते माणूस म्हणून का होत नाही?

याला जुना दाखला आहे, घे. २००१ चा जानेवारी. स्टीफन हॉकिंग मुंबईला परिषदेसाठी आले, मग दिल्लीला गेले. त्यांना जुन्या वास्तू पाहायच्या होत्या. व्हीलचेअर कुतुबमिनारला जाणार कशी, जंतरमंतरला जाणार कशी? जावेद अबिदी म्हणून कार्यकर्ते होते, स्वतः व्हीलचेअर वापरणारे. त्यांनी हा विषय लावून धरला आणि लाकडी उतार घाईघाईनं उभे राहिले. हॉकिंग आत गेले. एक दगड हलला नाही, एक चिरा निखळला नाही. म्हणजे इतकी वर्षं जे ‘अशक्य’ होतं ते पाहुणा मोठा आला की शक्य झालं. तेव्हा अडचण वास्तूची नव्हती. दारात कोण उभं आहे यावर सगळं ठरत होतं.

तूही तेच केलंस. मी तुझी हॉकिंग. ती कोण?

आता तू म्हणशील, बाई, गडाची गोष्ट वेगळी. गड पायांनीच चढायचा असतो. हे वाक्य तू तिथेही फेकलंस, मी ऐकलं. अरे, तू स्वतः रोपवेनं आलास! दोन्ही गुडघे शाबूत, वय बावन्न, आणि चौदाशेच्या वर पायऱ्यांपैकी एकही चढला नाहीस. १९९६ पासून तो रोपवे चालू आहे. हिरकणीवाडीहून बसायचं, चार-पाच मिनिटांत वर. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद रोपवेनंच गेले. कुणी म्हटलं का, की यांचं दर्शन कच्चं? मग पायांची ही सोवळ्यातली अट फक्त जिचे पाय चालत नाहीत तिच्यासाठीच का? आणि हिरकणीचं नाव तोंडात घेऊ नकोस. तिची गोष्ट सांगतात ती लेकरासाठी कडा उतरली म्हणून. प्रत्येक बाईनं कडा उतरूनच दाखवावा, असा काही गडाचा नियम नाही.

रोपवेतून उतरून आपण आत गेलो त्या दाराचं नाव काय? तू तिथे सेल्फी काढत होतास, पाटी वाचली नसशील. मेणा दरवाजा. मेणा म्हणजे काय, सातवीत शिकवलं होतं. झाकलेली पालखी. राणीवशाचे मेणे त्या बाजूनं येत-जात. दुसरीकडे आहे पालखी दरवाजा. राजधानीच्या दोन दारांची नावं उचलून न्यायच्या वाहनांवरून पडली आहेत. आणि साडेतीनशे वर्षांनी त्याच मेणा दरवाजासमोर उभा राहून तू मला सांगतोस, की जी चालू शकत नाही तिनं इथे यावं कसं? दाराला कान असते तर ते हसलं असतं.

बरं, हत्तीचं आठवतं? ६ जून १६७४, राज्याभिषेक. मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन आला होता. त्यानं दाराशी हत्ती पाहिले आणि नोंद करून ठेवली, की एवढ्या अवघड वाटेनं ही जनावरं वर आणली तरी कशी, हे कळत नाही. परीक्षेत हा प्रश्न मी दर वर्षी घालत असे. तू पाचपैकी पाच घ्यायचास. लहानपणीच पिल्लं वर नेली असतील, असं तुझं उत्तर, माझ्यापेक्षा तूच रंगवून सांगायचास. म्हणजे ज्यांना हत्ती हवा होता त्यांनी कितीतरी वर्षं आधीपासून विचार केला म्हणायचं. तुला तीन महिने होते. आणि न्यायची होती एक खुर्ची.

इच्छा असली की हत्ती चढतो. नसली की चाक अडतं.

आता येते तुझ्या धंद्याकडे. कारण तू नुसता सहलीचा म्होरक्या नाहीस. तू वास्तुविशारद आहेस, जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करतोस, भाषणं देतोस. मला पेपरातली कात्रणं पाठवतोस. तुझं आवडतं वाक्य, ‘हेरिटेजला हात लावता येत नाही.’ खरंच येत नाही? मागच्या वर्षी तू तो वाडा दुरुस्त केलास, मला हौसेनं दाखवायला नेलंस. एसीची नळी कुठून गेली होती? दोनशे वर्षांच्या भिंतीला भोक पाडून. दिव्यांच्या वायरी तुळयांवरून. तिकीटखिडकी देवडीत. चौकात तो भला मोठा इंग्रजी अक्षरांचा सेल्फी पॉइंट, नट-बोल्ट मारून फरशीत. तेव्हा हेरिटेज कुठे गेलं होतं? जेवायला?

नाचता येईना म्हणे अंगण वाकडं. आणि इथे तर अंगण सरळ करायचं शिक्षणच तू घेतलंयस.

उतार केला होतास हो, नाही कशाला म्हणू. मागच्या बाजूला. कचऱ्याच्या डब्यांशेजारी. दाराला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला. आणि उतार कसला, घसरगुंडी! गणित तुला मी शिकवलं नाही, पण करून दाखवते. एकाला बारा. एक फूट चढायला बारा फूट लांबी. सहा इंचांचा उंबरा असेल तर सहा फुटांचा उतार. त्या मागच्या दाराला दोन फूट उंची होती, मी काठीनं मोजली. चोवीस फूट हवेत. तू दिलेस सात. व्हीलचेअर ढकलणारा वर गेला तर छातीत कळ येईल आणि खाली आला तर दोघं डब्यात. नकाशावर मात्र छान खूण केलेली, खुर्चीचं ते निळं चित्र. तपासणीला आलेला खूण पाहतो, वापरायला आलेला दार पाहतो. तू कुणासाठी काढलास तो उतार?

कायदा सांगू नकोस मला, मीही वाचलाय. म्हातारपणी दुसरं काय करायचं? १९५८ चा पुरातत्त्वाचा कायदा, २०१० ची दुरुस्ती, शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, पुढच्या दोनशे मीटरवर परवानगीची अट. बरोबर? आता दुसरा कायदा म्हण. तो नाही येत लगेच ओठावर. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्यातलं ४५ वं कलम. सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या. नियम निघाले जून २०१७ मध्ये. पाच मिळव. २०२२ कधीच सरलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वच्छ सांगितलं, की सुगमता हा सल्ला नव्हे, किमान निकष सक्तीचे करा. राजीव रातुरी म्हणून दृष्टिहीन गृहस्थ आहेत, त्यांची याचिका २००५ ची होती. एकोणीस वर्षं तो माणूस थांबला. तुला एक कायदा तोंडपाठ आणि दुसऱ्याची आठवण नाही, हे कसं? सोयीचा तेवढा पाठ करायचा, ही सवय तुला शाळेत नव्हती.

‘परवानगीच मिळत नाही बाई.’ ठीक. अर्ज कधी केलास? तारीख सांग. जावक क्रमांक? चिरा न हलवता नुसता टेकवलेला लाकडी उतार, हवा तेव्हा उचलून नेता येईल असा, एक खिळाही न मारता. असा नकाशा काढून कुणापुढे ठेवलास एकदा तरी? गप्प का झालास? तुला कुणी नकार दिलेलाच नाही. तू विचारलंच नाहीस. तिलाही नाही आणि त्यांनाही नाही. न मागितलेल्या परवानगीचा नकार खिशात घालून फिरतोस.

आणि ते दुसरं, ‘असे लोक येतातच किती?’ २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात एकोणतीस लाखांवर दिव्यांग मोजले गेले. त्यात माझ्यासारखे, गुडघ्यांनी संप केलेले, किती जण धरले असतील, कोण जाणे. शिवाय पोटुशी बाई, बाबागाडीतलं पोर, कालच प्लास्टर घातलेला तुझ्यासारखा शहाणा. दाराला आतून कडी घालायची आणि पाहुणा येत नाही म्हणून वही कोरी दाखवायची. छान हिशेब.

हे बघ, सगळा रायगड चाकावर फिरेल असं म्हणण्याइतकी मी खुळी नाही. सह्याद्री आहे तो, मॉल नव्हे. टकमक टोकावर उतार बांध म्हटलं तर मीच तुला टोकावरून ढकलीन. काही जागा अवघडच राहणार, राहाव्यातही. पण अवघड म्हणून सगळंच सोडून द्यायचं, हे कुठलं शास्त्र? बाजारपेठ आठव. दोन्ही बाजूंना दुकानांची जोती आणि मधून केवढा रुंद रस्ता. गाइड सांगतात, जोती एवढी उंच का, तर घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी म्हणून. खरं-खोटं इतिहासकार बघतील, त्यांच्यात एकमत नाही. पण मला ती गोष्ट ऐकताना हसू आलं. बसून येणाऱ्या गिऱ्हाइकाची सोय बघणारी बाजारपेठ म्हणून ती दाखवायची, आणि बसून येणाऱ्या माणसाला तिथवर येऊच द्यायचं नाही.

राजसभेत काय झालं? गाइडनं तुला नगारखान्याच्या दाराशी उभं केलं आणि स्वतः सिंहासनाच्या जागेपाशी जाऊन कागद फाडला. टर्रकन आवाज आला तुला. उघड्या आभाळाखाली, इतक्या लांबून. तू टाळ्या वाजवल्यास. अरे, ती जागा कानांनी पाहायची आहे! ज्याला दिसत नाही त्याला ती तुझ्या-माझ्याहून जास्त कळेल. जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरानं आपलं नाव कोरून ठेवलंय, गड बांधणारा माणूस, देवाच्या पायरीशी स्वतःला ठेवून गेला. ती अक्षरं बोटांनी वाचता येतात. एखाद्या अंध मुलाचा हात धरून त्या पायरीवर ठेवलास तर इतिहासाचा सबंध तास होईल. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला काय हवं? गाइड बोलतो ते नीट मराठीत छापलेला एक कागद. एक कागद रे! खुणांची भाषा येणारं माणूस मिळालं तर सोन्याहून पिवळं, पण कागद तरी? वाटेत कुठे किती पायऱ्या, कुठे बसायला जागा, स्वच्छतागृहाचं दार किती रुंद, खुर्ची जाईल की नाही, एवढं फोटोसकट आधी कळलं तर माणूस स्वतःच ठरवतो, जायचं कुठवर आणि थांबायचं कुठे. ठरवू दे की तिला! अर्ध्या वाटेवर ‘मी इथेच बसते, तुम्ही जाऊन या’ असं ती स्वतः म्हणाली असती, तर ती गोष्ट वेगळी होती. तू तिला घरीच बसवलंस.

जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारसा झाले. तू पेढे वाटलेस. ‘साऱ्या जगाचा वारसा’ असं स्टेटस ठेवलंस, भगव्या झेंड्याच्या चित्राखाली. साऱ्या जगात ती येत नाही का?

आणि मला खरा संताप कशाचा आलाय, ठाऊक आहे? तुला कळत नसतं तर मी हा घसा कोरडा केलाच नसता. गाढवापुढे गीता मी कधी वाचली नाही. पण तुला कळतं. दहावीचं साल आठव. आपला वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. कॅलिपर घालून, कुबड्या सांभाळत ती रोज चव्वेचाळीस पायऱ्या चढायची. मधल्या सुट्टीत खाली उतरायची नाही, कारण पुन्हा चढावं लागेल. पाणी कमी प्यायची. आम्हा शिक्षकांच्या ते वर्षभर लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही, ती शरम माझी आहे, ती तुझ्यावर ढकलत नाही. लक्षात कुणाच्या आलं? तुझ्या. पंधरा वर्षांचं शेंबडं पोर तू. आधी तिच्याकडे गेलास आणि विचारलंस, की वर्ग खाली आणला तर चालेल का, तुला ओशाळं वाटेल का? ती हो म्हणाली. मग मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरलास. ते म्हणाले, वेळापत्रक बसत नाही. तू फळ्यावर बसवून दाखवलंस. पाचवीचा वर्ग वर, दहावी ब खाली. शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही पोरांनी बाक उचलले. इमारत तीच राहिली, जिना तोच राहिला. दीड तास लागला. खर्च शून्य.

त्या वेळी तुझ्याकडे पदवी नव्हती, कायदा नव्हता, ऑफिस नव्हतं. आधी जाऊन विचारायचं असतं, एवढं ठाऊक होतं. ते कुठे हरवलंस? कुठल्या फायलीत?

डोळे पुसू नकोस, मला त्याचा काही उपयोग नाही. तिलाही नाही. आणि ‘सॉरी’चा मेसेज तर मुळीच पाठवू नकोस, त्या हात जोडलेल्या बाहुल्यांसकट. फोन कर. आज. इथून बाहेर पडायच्या आधी केलास तरी चालेल, मी आत जाते. पुढच्या महिन्यात गर्दी नसलेला वार बघ. रोपवेवाल्यांशी आधी बोल, खुर्ची आत कशी घेता येईल ते तिच्याकडून समजून घे, त्यांच्याकडून नव्हे. तिला उचललेलं चालेल का, तेही विचार. नको म्हणाली तर हट्ट करू नकोस, पोत्यासारखं उचलून घ्यायचा कंटाळा येतो माणसाला. मी ते एकदाच केलं आणि तेही मान मिळत होता म्हणून गोड लागलं. जाताना टेप घेऊन जा. जिथे जिथे ती अडेल तिथे मोज, लिही, नकाशा काढ. त्या नकाशासोबत अर्ज कर आणि त्याची पोचपावती मला आणून दाखव. वाड्याच्या मागच्या दाराचं कुलूप मात्र उद्याच काढायचं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

ती नाहीच म्हणाली तर? म्हणू शकते. तिचा अधिकार आहे. तुझ्यावर चिडून म्हणाली तर तोही तिचा अधिकार आहे. ऐकून घे.

फ्रेम इथेच राहू दे. भिंतीला खिळा मी कालच ठोकून घेतलाय. फोटो दुसरा आण.